न फुगणारा फुगा

अँजिओप्लास्टी करणाऱ्या डॉक्टरांना एक दृश्य मुळीच आवडत नाही. केसासारखी बारीक तार ब्लॉकेजच्या पलीकडे गेलेली आहे, तिच्यावरून सरकवलेला फुगा नेमक्या जागी बसला आहे, दाब वाढवत वाढवत वीस वातावरणांपर्यंत नेला आहे, आणि तरीही पडद्यावर फुग्याची दोन्ही टोकं तेवढी फुगलेली दिसतात. मधला भाग कंबर आवळल्यासारखा अरुंदच. त्या जागी धमनीच्या भिंतीत कॅल्शियम जमून ती हाडासारखी कडक झालेली असते. अशा ठिकाणी घाईने स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, टाकला, तर फुगा जितका उघडतो तितकाच स्टेंटही उघडतो. अर्धवट उघडलेल्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते किंवा वर्षभरात तीच जागा पुन्हा अरुंद होऊ शकते. शिवाय स्टेंटवर औषधाचा जो लेप असतो तो खरखरीत कॅल्शियमवरून ढकलताना खरवडला जाऊ शकतो ते वेगळंच.

अँजिओप्लास्टीसाठी येणाऱ्या रुग्णांपैकी साधारण पाचातल्या एकाला, काही अभ्यासांत तिघांतल्या एकाला, मध्यम ते तीव्र स्वरूपाचं कॅल्शियम असतं. वय, मधुमेह, रक्तदाब, सिगारेट आणि किडनीचा आजार ही त्याची नेहमीची कारणं. अमेरिकेत या प्रश्नाचं सगळ्यात चमत्कारिक रूप दिसतं ते हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणवल्या जाणाऱ्या समाजात. २०२० च्या जनगणनेत ही लोकसंख्या ६ कोटी २१ लाख होती, म्हणजे देशाच्या १८.७ टक्के. मेक्सिको, पोर्तोरिको, क्युबा, डॉमिनिकन रिपब्लिक, मध्य आणि दक्षिण अमेरिका अशी मुळं वेगवेगळी. कुणी चार पिढ्यांपासून टेक्सासात, कुणी गेल्या वर्षी सीमा ओलांडून आलेलं. जनगणनेच्या फॉर्मवर मात्र सगळ्यांची खूण एकाच चौकटीत.

या समाजात मधुमेह जास्त, लठ्ठपणा जास्त, किडनी निकामी होण्याचं प्रमाणही जास्त. तरी सरासरी काढली की त्यांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम गोऱ्यांपेक्षा कमी निघतं. या सरासरीने बरेच गैरसमज करून ठेवले आहेत. माझं मत असं, की धमनीतला हा दगड फोडायची हत्यारं आज पुरेशी चांगली आहेत आणि ती रुग्णाचं मूळ विचारत नाहीत. फरक पडतो तो कॅथ लॅबच्या टेबलापर्यंत कोण पोचतं, केव्हा पोचतं आणि कोणत्या अवस्थेत, यात.

आधी दगड बनतो कसा ते पाहू. कॅल्शियमचं नाव काढलं की आपल्याकडे पहिली शंका दुधावर जाते. दूध बंद करू का, गुडघ्यांसाठी चालू असलेल्या गोळ्या थांबवू का, वगैरे. धमनीतलं कॅल्शियम असं थेट पेल्यातून येऊन साचत नाही. १९९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लिंडा डेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की माणसाच्या धमनीतल्या चरबीच्या थरात हाड घडवणारं एक प्रथिन तयार होत असतं. धमनीच्या भिंतीतल्या स्नायुपेशी दीर्घकाळच्या दाहामुळे आपलं मूळ काम सोडून हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. हाडात आणि दातात जे खनिज असतं, तेच त्या भिंतीत रचतात. म्हणजे हे साचणं कमी आणि बांधकाम जास्त. मधुमेह या बांधकामाला वेग देतो. किडनी निकामी झाली की रक्तातलं फॉस्फरस वाढतं आणि मग तर काम रात्रंदिवस चालतं.

गंमत अशी, की जुनं, घट्ट कॅल्शियम एका अर्थाने जखमेवर धरलेली खपली असते. मऊ, चरबीने भरलेला थर अचानक फुटतो आणि हार्ट अटॅक येतो. दगड झालेला थर सहसा असा फुटत नाही. स्टॅटिनच्या गोळ्यांनी चरबी कमी होते आणि उरलेला थर अधिक घट्ट होतो, त्यामुळे स्कॅनवर मोजलेला कॅल्शियमचा आकडा कधी कधी वाढतोसुद्धा. आकडा वाढला म्हणून गोळी बंद करणारे रुग्ण सगळ्या देशांत भेटतात, आणि ते नेमकं उलट करत असतात. हे कॅल्शियम विरघळवणारं सिद्ध झालेलं औषध आजमितीला एकही नाही. सलाइनमधून रसायन सोडून ब्लॉकेज धुऊन काढण्याच्या ज्या जाहिराती आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात, त्या कीलेशन उपचाराची अमेरिका आणि कॅनडात मोठी चाचणी झाली. एकदा हार्ट अटॅक येऊन गेलेल्या हजार मधुमेही रुग्णांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. फायदा शून्य.

धमनीतलं कॅल्शियम मोजायची पद्धत मात्र साधी आहे. १९९० मध्ये मायामी बीचवरच्या आर्थर ॲगॅट्स्टन या हृदयरोगतज्ज्ञाने सीटी स्कॅनवरून आकडा काढण्याची रीत सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली. सुई नाही, डाय नाही, काही मिनिटांचं काम. शून्य म्हणजे कॅल्शियम नाही, १०० च्या वर गेलं की सावध व्हायचं, ४०० च्या वर म्हणजे बराच दगड. याच डॉक्टरांनी पुढे वजन कमी करण्याच्या आहारावर पुस्तक लिहिलं आणि ते लाखोंनी खपलं. स्कोअरपेक्षा आहारामुळे त्यांचं नाव घरोघर गेलं याला काय म्हणावं!

हा स्कोअर वेगवेगळ्या समाजांत कसा दिसतो हे तपासण्यासाठी २००० ते २००२ या काळात अमेरिकेतल्या सहा केंद्रांवर ४५ ते ८४ वयाच्या ६,८१४ लोकांची नोंदणी झाली. हा अभ्यास मेसा या नावाने ओळखला जातो. नोंदणीच्या वेळी यातल्या कुणालाही हृदयविकार असल्याचं माहीत नव्हतं. गोऱ्या पुरुषांपैकी ७०.४ टक्क्यांच्या धमन्यांत कॅल्शियम सापडलं, हिस्पॅनिक पुरुषांत ५६.५ टक्के. स्त्रियांत हेच आकडे ४४.६ आणि ३४.९ टक्के. हिस्पॅनिक लोकांचं आयुर्मान गरिबी आणि अपुरे उपचार असूनही गोऱ्यांपेक्षा कमी नाही, हे निरीक्षण १९८६ मध्येच टेक्सासमधून मांडलं गेलं होतं. त्यात या आकड्यांची भर पडली आणि ‘यांची हृदयं मुळातच बळकट’ असा समज रूढ झाला.

मेसाचाच दुसरा निष्कर्ष त्यामानाने कमी लोकांच्या लक्षात राहिला. २००८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या लेखात याच लोकांचा काही वर्षं पाठपुरावा करून पाहिलं गेलं. १०१ ते ३०० स्कोअर असलेल्यांना, शून्य स्कोअरवाल्यांच्या तुलनेत, हृदयविकाराच्या घटनेचा धोका सात पटींहून जास्त होता आणि ३०० च्या वर तो नऊ पटींच्या पुढे गेला. आणि हे गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी या चारही गटांत लागू पडलं. समाजात कॅल्शियम कमी जणांना असेल, पण ज्याला आहे त्याला त्याची किंमत तितकीच मोजावी लागते. उलट पंचावन्न वर्षांच्या हिस्पॅनिक बाईंचा स्कोअर १०० निघाला, तर त्यांच्या समाजातल्या त्या वयाच्या बायकांमध्ये त्या खूपच वरच्या पायरीवर असतात आणि डॉक्टरांनी अधिक दचकायला हवं. सरासरीच्या भरवशावर राहणाऱ्या डॉक्टरच्या हातून नेमक्या याच बाई सुटतात.

धोका मोजायच्या गणितातही हा समाज बराच काळ गैरहजर होता. २०१३ पासून अमेरिकेत स्टॅटिन द्यायचं की नाही हे ठरवायला जे समीकरण वापरलं जाई, त्यात गोरे आणि कृष्णवर्णीय असे दोनच रकाने होते. मेक्सिकोहून आलेल्या गवंड्याचं गणित गोऱ्यांच्या रकान्यात करायचं. २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने जे नवं समीकरण आणलं त्यात वंशाचा रकानाच नाही. त्याऐवजी किडनीचं कार्य विचारात घेतलं आहे. माझ्या मते ही सुधारणा वाटते त्याहून मोठी आहे.

मेसाची एक अडचण होती. त्यात हिस्पॅनिक हा एकच गट धरला होता. २००८ ते २०११ मध्ये ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो इथे फक्त याच समाजातल्या १६,४१५ प्रौढांचा मोठा अभ्यास सुरू झाला, आणि त्यांना मूळ देशानुसार वेगळं करून पाहिल्यावर चित्र बदललं. दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांत मधुमेह १०.२ टक्के, तर मेक्सिकन मूळ असलेल्यांत १८.३ टक्के. पोर्तोरिकन आणि क्युबन लोकांत सिगारेट जास्त, डॉमिनिकन लोकांत बरीच कमी. मधुमेह असलेल्यांपैकी आरोग्य विमा असणारे निम्म्याच्या आसपास आणि साखर आटोक्यात असणारेही निम्म्याच्या आसपास. म्हणजे ब्राँक्समधला सिगारेट ओढणारा पोर्तोरिकन बसचालक आणि शिकागोतली पेरूची शिक्षिका यांच्या धमन्यांत काय चाललं असेल याचा अंदाज एका आकड्यावरून बांधणं चुकीचं. बोलिव्हियाच्या जंगलात राहणारे त्सिमाने आदिवासी तर आणखी निराळे. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात त्यांच्यातल्या ७०५ प्रौढांपैकी ८५ टक्क्यांच्या धमन्यांत कॅल्शियमचा मागमूसही नव्हता. त्यांना कुणी हिस्पॅनिक म्हणणार नाही, पण लॅटिन अमेरिका म्हणून जे काही एकसंध आपल्या डोळ्यासमोर उभं राहतं ते किती फसवं आहे हे त्यांच्यावरून कळतं.

आता टेबलावर येऊ. कॅल्शियमची खरी पंचाईत अशी, की नेहमीच्या अँजिओग्राफीत ते नीट दिसत नाही. डाय सोडली की धमनीची पोकळी दिसते, भिंत दिसत नाही. १९९५ मधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात ११५५ ब्लॉकेज दोन्ही पद्धतींनी तपासले होते. अँजिओग्राफीत ३८ टक्क्यांत कॅल्शियम दिसलं, आणि धमनीच्या आतून सोनोग्राफी केल्यावर ७३ टक्क्यांत. निम्मं कॅल्शियम डॉक्टरांच्या नजरेतून सुटत होतं. आज आतून पाहण्याच्या दोन रीती आहेत. ध्वनिलहरी वापरणारी आयव्हस, तिला कॅल्शियमचा फक्त पुढचा काठ दिसतो, मागे काळी सावली पडते. आणि प्रकाश वापरणारी ओसीटी. प्रकाश कॅल्शियमच्या आरपार जातो, त्यामुळे थराची जाडीही मोजता येते. कॅल्शियम धमनीच्या अर्ध्याहून अधिक घेरात पसरलेलं, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड आणि पाच मिलिमीटरपेक्षा लांब असेल, तर नुसत्या फुग्याने भागणार नाही असा साधा ठोकताळा आहे. गुंतागुंतीच्या ब्लॉकेजमध्ये असं आतून पाहूनच काम करा, अशी अव्वल दर्जाची शिफारस २०२४ च्या युरोपियन मार्गदर्शक तत्त्वांत आहे. तरीही खर्च आणि वेळेपायी अनेक ठिकाणी हे टाळलं जातं.

पाहिल्यावर फोडायचं कशाने? सर्वांत जुनं हत्यार म्हणजे रोटाब्लेटर. डेव्हिड ऑथ या अभियंत्याने ते घडवलं आणि अमेरिकेत १९९३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. दीड मिलिमीटरच्या आसपासचं पितळी बोंड, त्याच्या पुढच्या अंगावर हिऱ्याचे कण, आणि मिनिटाला साधारण दीड लाख फेरे. आपल्याकडच्या कॅथ लॅबमध्येही ‘रोटा करावं लागेल’ असं म्हणतात ते हेच. वजरीने टाच घासताना कडक कातडं निघतं आणि खालच्या मऊ कातडीला काही होत नाही, तसं हे बोंड कडक कॅल्शियम घासतं आणि लवचीक भिंत बाजूला सरकते. निघालेला भुगा तांबड्या पेशीपेक्षाही बारीक असतो आणि रक्ताबरोबर वाहून जातो. सगळं नीट झालं तर. भुगा फार झाला, तर पुढच्या सूक्ष्म वाहिन्या तुंबून रक्ताचा वेग मंदावतो, क्वचित बोंड अडकतं, क्वचित धमनीला भोक पडतं. म्हणून सराईत हात पंधरा-वीस सेकंदांहून जास्त वेळ एका दमात फिरवत नाहीत. पुढे-मागे टोचल्यासारखं करत थांबत थांबत जातात.

२०१३ मध्ये ऑर्बिटल अथेरेक्टमी आली. यात हिऱ्याचा मुकुट मध्यापासून किंचित एका बाजूला बसवलेला असतो, त्यामुळे तो स्वतःभोवती फिरता फिरता गोल कक्षाही आखतो. वेग वाढवला की कक्षा मोठी होते, म्हणजे एकाच मापाच्या मुकुटाने वेगवेगळ्या रुंदीचा रस्ता मोकळा करता येतो. जाताना आणि येतानाही घासतो. ४४३ रुग्णांवरच्या ज्या चाचणीच्या आधारे मान्यता मिळाली, तिच्यातले बहुतेक रुग्ण गोरे होते आणि बहुतेक पुरुष.

मग फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेने ज्या तंत्राला हिरवा कंदील दाखवला ते मराठी वाचकाला नवं नाही, कारण मुतखड्यासाठी ते आपल्याकडे अनेक वर्षं चालू आहे. विमानं बनवणाऱ्या डॉर्निअर कंपनीच्या यंत्राने म्युनिकमध्ये १९८० साली डॉक्टरांनी ध्वनीच्या धक्क्यांनी पहिल्यांदा माणसाचा मुतखडा फोडला. तोच धक्का दोन-चार मिलिमीटरच्या फुग्यात बसवायला तीसहून अधिक वर्षं लागली. कॅथ लॅबमध्ये हे काम विलक्षण शांतपणे होतं. फुगा ब्लॉकेजवर नेतात, फक्त चार वातावरणांपर्यंत फुगवतात, म्हणजे भिंतीला नुसता टेकेल इतका. मग बटण दाबलं की आतल्या द्रवात ठिणगी पडते, क्षणभर वाफेचा बुडबुडा होतो आणि त्यातून दाबाची लाट सुटते, सेकंदाला एक. मऊ भिंतीतून ती लाट निघून जाते; कॅल्शियमला मात्र तडा जातो. दहा ठिणग्या झाल्या की दाब थोडा वाढवतात, मग सोडून देतात, रक्त वाहू देतात. पुन्हा दहा. कधी कधी मॉनिटरवर हृदयाचा ठोका त्या ठिणगीच्या तालावर पडताना दिसतो. फुग्याची आवळलेली कंबर एखाद्या फेरीत एकदम सैल होते, आणि ओसीटीने पुन्हा आत पाहिलं तर कॅल्शियमच्या कड्यात बारीक चिरा दिसतात. कॅल्शियम कुठे गेलेलं नसतं, जागच्या जागी तुटलेलं असतं. स्टेंट उघडायला तेवढं पुरतं. ३८४ रुग्णांवरच्या चाचणीत ९२.४ टक्के रुग्णांत ही पद्धत यशस्वी झाली. शिकायला सोपी असल्यामुळे हिचा प्रसार झपाट्याने झाला, मात्र फुगा महाग आहे आणि मुळात तो ब्लॉकेजमधून पलीकडे जाऊ शकला पाहिजे. तो जात नसेल तिथे आधी रोटाच लागतो.

इतकी हत्यारं हाताशी आल्यावर प्रत्येक दगडावर ती चालवायचा मोह होणारच. एक्लिप्स नावाच्या चाचणीने त्याला लगाम घातला. तीव्र कॅल्शियम असलेल्या २००५ रुग्णांत अर्ध्यांना आधी ऑर्बिटल अथेरेक्टमी करून स्टेंट घातला, अर्ध्यांना आधी फुग्याने जागा करून. वर्षभरात पुन्हा त्रास होण्याचं प्रमाण ११.५ आणि १० टक्के, म्हणजे अथेरेक्टमीचा सरसकट फायदा नाही. अर्थात दोन्ही मार्ग शक्य वाटतात असेच रुग्ण यात घेतले होते. ज्यांच्यात फुगा मुळीच चालणार नव्हता ते वेगळे. यातून शहाण्या डॉक्टरने घ्यायचं ते इतकंच, की आधी आत पाहा, चांगल्या दाबाचा फुगा प्रामाणिकपणे वापरून बघा, आणि तो उघडलाच नाही तर महागडं हत्यार काढा. ज्याला विमा नाही अशा रुग्णासाठी ही फार मोलाची बातमी आहे.

हिस्पॅनिक रुग्णांच्या बाबतीत मला त्याहून महत्त्वाची वाटते ती २०१२ ची फ्रीडम चाचणी. मधुमेह आणि अनेक धमन्यांत ब्लॉकेज असलेल्या १९०० रुग्णांत औषधी स्टेंट आणि बायपास यांची तुलना केली गेली. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात स्टेंट गटात २६.६ टक्के आणि बायपास गटात १८.७ टक्के. ज्या समाजात मधुमेह इतका आहे, तिथे दगड फोडण्याच्या कौशल्यापुढे छाती उघडण्याचा सल्ला मागे पडत असेल तर रुग्णाचं नुकसान होतं. बायपासचा कलम दगडाच्या पलीकडे जोडतात, दगडाला हातच लावत नाहीत.

आणि इथे इतिहास एक मौज करतो. पायातली शीर काढून हृदयाला कलम करण्याचं तंत्र १९६७ मध्ये क्लीव्हलँडला बसवलं ते रेने फावालोरो यांनी. अर्जेंटिनातल्या ला प्लाता गावचा माणूस. आधी बारा वर्षं ला पाम्पा प्रांतातल्या हासिंतो आराउस या खेड्यात साधी डॉक्टरकी केलेली. फुग्याने उघडणारा स्टेंट बनवणारे हुलिओ पाल्माझ हेही ला प्लाताचेच, त्याच विद्यापीठाचे. १९८० च्या दशकात ते टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत आले आणि तिथल्या एका रेस्टॉरंटमालकाने अडीच लाख डॉलर गुंतवल्यावर त्यांच्या जाळीला आकार आला. सॅन अँटोनियो हे बहुसंख्य हिस्पॅनिक वस्तीचं शहर. औषधाचा लेप असलेला पहिला स्टेंट माणसाच्या हृदयात बसवला गेला तो डिसेंबर १९९९ मध्ये, ब्राझीलच्या साओ पाउलोत, एदुआर्दो सूझा यांच्या हातून. दगड आलेल्या हृदयावरचे निम्मे उपाय लॅटिन अमेरिकेच्या डोक्यातून आलेले आहेत. त्या उपायांच्या चाचण्यांत मात्र या समाजाचे रुग्ण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने नेहमीच थोडे. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून मोठ्या चाचण्यांसाठी निरनिराळ्या समाजांतून रुग्ण कसे घेणार याचा आराखडा द्यावा असं सांगितलं. तोवर हे काम बऱ्याच अंशी संशोधकांच्या सद्भावनेवर सोडलेलं होतं.

टेबलापर्यंतची वाट लांब आहे. पासष्टच्या आतल्या हिस्पॅनिक लोकांत विमा नसलेल्यांचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहे. विमा नाही म्हणजे सीटी स्कोअर नाही, छातीत जडपणा आला तरी चालढकल, आणि पहिली भेट थेट इमर्जन्सीत. भाषेचा अडसर याच्या वर. इस्पितळाने दुभाषा द्यायचा असा नियम अमेरिकेत आहे, तरी अनेक ठिकाणी बापाच्या पलंगाशी उभी असलेली चौदा वर्षांची मुलगीच दुभाषा व्हायची. धमनी फाटू शकते, तातडीचं ऑपरेशन लागू शकतं, क्वचित जीवही जाऊ शकतो, हे तिने बापाला स्पॅनिशमध्ये सांगायचं. मुलीने अर्धं गिळलं तर दोष कुणाला द्यायचा? २०१६ च्या नियमांनी आणीबाणी सोडून लहान मुलांना दुभाषा करायला बंदी घातली. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही महिने, हार्ट अटॅकनंतर सहसा वर्षभर, न चुकवता घ्याव्या लागतात. छपरावर कौलं ठोकणाऱ्या माणसाला हे कशासाठी ते त्याच्या भाषेत नीट सांगितलं नाही, तर दोन-तीन महिन्यांत बरं वाटू लागल्यावर तो गोळ्या सोडतो. अर्धवट उघडलेला स्टेंट आणि सोडलेली गोळी यांची गाठ पडली की उत्तम हत्याराचंही काही चालत नाही.

न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांनी हे परक्याचं म्हणून वाचू नये. २०१० पासून सॅन फ्रान्सिस्को परिसर आणि शिकागो इथे मसाला नावाचा अभ्यास दक्षिण आशियाई लोकांवर चालू आहे. पहिल्या ९०६ जणांत दिसलं, की आपल्याकडच्या पुरुषांच्या धमन्यांतलं कॅल्शियम गोऱ्या पुरुषांच्या बरोबरीचं आहे, लॅटिनो, चिनी आणि कृष्णवर्णीय पुरुषांपेक्षा जास्त. शाकाहार, सडपातळ अंगकाठी आणि बँकेतली शिल्लक असतानाही. आपल्याला सरासरीचा दिलासासुद्धा नाही.

कॅल्शियमचा कहर पाहायचा तर डायलिसिसवरच्या रुग्णाकडे पाहावं. २००० मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी २० ते ३० वयाच्या, डायलिसिसवर असलेल्या १६ जणांचे स्कॅन काढले. १४ जणांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम होतं. या वयाला शून्य असणं हाच नियम. अशा धमन्यांत रोटा, मुकुट, ठिणगी सगळं करून झालं तरी निकाल इतरांपेक्षा वाईटच येतात, कारण बांधकाम थांबलेलंच नसतं. ते मंद करायचं तर आठवड्यातून तीनदा नियमित डायलिसिस हवं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना, आणि ते बहुतांश लॅटिनो असतात, ते मिळत नव्हतं. श्वास लागला, रक्तातलं पोटॅशियम जीवघेणं वाढलं, की इमर्जन्सीत यायचं, तेव्हा एकदा रक्त शुद्ध करून घरी पाठवायचं, पुन्हा तीच पाळी येईपर्यंत. डेन्व्हरच्या लिलिया सर्व्हांतेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्व्हर, ह्यूस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या अशा २११ रुग्णांचा हिशेब २०१८ मध्ये मांडला. फक्त आणीबाणीत डायलिसिस मिळणाऱ्यांचा पाच वर्षांतला मृत्यूचा धोका, नियमित डायलिसिस मिळणाऱ्यांच्या तुलनेत, चौदा पट निघाला. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोने नवं यंत्र घेतलं नाही की नवा कायदाही केला नाही. निकामी किडनी हीच आणीबाणी आहे अशी नियमातली व्याख्या बदलली, आणि त्या राज्यातल्या या रुग्णांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस मिळू लागलं.